आपली गल्ली आपणच सुधारायची तर सुरुवात कुठून करायची? नव्यानं काम हातात घेणाऱ्यांसाठी

लातूर असो, परभणी असो, नांदेड, जालना, बीड, शहराच्या कडेच्या कुठल्याही नव्या वसाहतीत जा, चित्र तेच दिसतंय. मुरमाचा रस्ता, अर्धी बांधून सोडलेली नाली, ओपन स्पेसवर वेड्या बाभळी, पोल उभे पण लाइट बंद. आणि घरं बघा तर एकाहून एक, आतून फरशी, पीओपी, सगळं झकास. माणसं आयुष्याची कमाई घरात घालतेत आणि गेटच्या बाहेर पाय टाकला की चिखल. जुन्या भागात उलटं, तिथं रस्ता असतो, नाली असते, पण बारव कचऱ्यानं बुजलेली, पाराभोवती गाड्या लावलेल्या, समाजमंदिराला कुलूप आणि चावी कोणाकडं आहे ते कोणालाच माहीत नसतं.

हे बदलता येतं, आणि बदलायला आमदार आपल्या ओळखीचा असावा लागत नाही. गल्लीतली पाच-सहा माणसं चिकाटीनं बसली तर दीड-दोन वर्षात फरक दिसतो, हे मी स्वतः जवळून बघितलंय म्हणून एवढं लिहायलोय. ज्यांना काहीतरी करावं वाटतंय पण धागाच सापडत नाही त्यांच्यासाठी हा लेख आहे. क्रम शक्यतो असाच ठेवा, कारण लोक बहुतेक वेळा उलट्या बाजूनं सुरू करतेत, म्हणजे आधी संस्था काढतेत, अध्यक्ष-उपाध्यक्ष ठरवतेत, बॅनर छापतेत, आणि काम काय करायचं ते नंतर शोधतेत.

आधी हद्द ठरवा, आणि ती लहान ठरवा

पूर्ण कॉलनी घेऊ नका, प्रभाग तर अजिबात नको. एक गल्ली घ्या, वीस-पंचवीस घरांची, फार तर चाळीस. एवढ्यात सगळे एकमेकांना तोंडानं ओळखतेत, वर्गणी कोणी दिली कोणी नाही हे लपत नाही, आणि नाली तुंबली की सगळ्यांच्याच दारात वास येतो.

हे मी माझ्या मनानं सांगत नाही. कराचीत ओरंगी नावाची भली मोठी वस्ती आहे, तिथं १९८० साली अख्तर हमीद खान या माणसानं काम सुरू केलं. मैलापाण्याची सोय नव्हती, सरकार करेना, बाहेरच्या कर्जातून करायचं तर खर्च आवाक्याबाहेर. त्यांनी गल्ली हाच घटक धरला. घरातला संडास, गल्लीतली लाइन, वस्तीतली जोडलाइन एवढं लोकांनी आपल्या पैशानं आणि आपल्या देखरेखीत करायचं, त्याच्यापुढची मोठी लाइन आणि मैलापाणी शुद्ध करायचा प्लांट सरकारनं करायचा. प्रत्येक गल्लीनं आपला माणूस आपण निवडला, पैसे त्यानंच गोळा केले, तज्ज्ञ लोकांनी फक्त नकाशा, लेव्हल आणि सामान कसं वापरायचं ते शिकवलं. ठेकेदार मधे नसल्यामुळं खर्च कितीतरी कमी आला आणि गल्लीमागून गल्ली करत काम पसरत गेलं.

यातली जी वाटणी आहे ना, आपलं काम आपण आणि त्यांचं काम त्यांच्याकडून, ती पक्की डोक्यात ठेवा. माझं सगळं म्हणणं एवढ्यातच आहे. सगळं आपणच केलं तर महापालिका कायमची मोकळी सुटते, आणि सगळं त्यांच्यावर सोडलं तर पोरं मोठी होऊन पुण्याला जातेत तरी रस्ता होत नाही.

मीटिंग घ्यायच्या आधी दारोदार जा

लोक थेट व्हॉट्सअॅप ग्रुप काढतेत आणि त्यावर 'रविवारी ११ वाजता मंदिरात मीटिंग, सर्वांनी यावे' टाकतेत. येतेत सात-आठ पुरुष, त्यातले निम्मे रिटायर्ड. मग तेच ठरवतेत की गल्लीला कमान पाहिजे. गल्लीतल्या बायांना विचारलं असतं तर त्यांनी सांगितलं असतं की कमान राहू द्या, कोपऱ्यावरच्या अंधारातून पोरी क्लासवरून येतेत तिथं आधी लाइट लावा.

म्हणून आधी एक साधी वही घ्या आणि घरोघर जा. एकट्यानं जाऊ नका, एक बाई आणि एक माणूस असं जा, म्हणजे घरातली काकू, मावशी, भाभी मोकळेपणानं बोलतेत. अंगणवाडीच्या ताई किंवा आशा ताई सोबत आल्या तर फारच चांगलं, त्यांना प्रत्येक घर माहीत असतं आणि त्यांच्यावर लोकांचा विश्वास असतो. फक्त त्यांच्यावर अजून एक बिनपगारी काम टाकू नका, ओळख करून द्या म्हणावं आणि पुढं आपण करावं.

वेळेचं सांगतो, कारण इथंच सगळं बिघडतं. पाण्याच्या दिवशी जाऊ नका. आपल्याकडं नळाला चार दिवसाला, आठ दिवसाला पाणी येतं, त्या दिवशी अख्खं घर मोटर, पाइप, टाक्या यात असतं, तुमचं कोण ऐकणार. मीटिंगही त्या दिवशी नको. बीड, धारूर, केज, पाटोदा या बाजूला वस्तीत ऊसतोडीला जाणारी घरं असतील तर दिवाळीनंतर ते उन्हाळा लागेपर्यंत ती घरं रिकामी किंवा फक्त म्हातारी माणसं मागं राहिलेली असतेत. त्या काळात केलेला सर्व्हे म्हणजे ज्यांना गरज सगळ्यात जास्त त्यांनाच वगळून केलेला सर्व्हे. लातूरला ट्यूशन एरियात निम्मी वस्ती भाड्यानं राहणाऱ्या पोरांची, त्यांनाही विचारा. ते दोन वर्षानं जाणार हे खरंय पण त्यांच्या जागी दुसरे येणारच आहेत, आणि रात्री रस्त्यानं चालणारे तेच असतेत.

विचारायचं काय? तीनच गोष्टी. एक, या गल्लीत तुम्हाला सगळ्यात जास्त कशाचा त्रास होतो. दोन, या गल्लीतली कोणती गोष्ट चांगली आहे, जी जाऊ नये असं वाटतं. तीन, तुम्हाला काय येतं. हा तिसरा प्रश्न लोक विसरतेत आणि तोच सगळ्यात कामाचा आहे. एका घरात गवंडी असतो, एकात वायरमन, कोणी तहसीलमधून रिटायर्ड झालेला अव्वल कारकून, ज्याला अर्ज कसा लिहायचा आणि कोणाच्या टेबलावर जातो ते तोंडपाठ. कोणाचा टेम्पो आहे, कोणाच्या शेतात रोपं आहेत, एखाद्या मावशीचा बचत गट दहा वर्षं चाललाय आणि हिशोबात त्यांना कोणी हरवू शकत नाही. हे सगळं वहीत नावानिशी लिहा. फक्त तक्रारी लिहिल्या तर आपण बिचारे आहोत असं वाटायला लागतं. दुसरं पान भरलं की कळतं, अरे, निम्मं काम करायची माणसं तर इथंच आहेत.

आपल्या मराठवाड्यातच याचं मोठं उदाहरण आहे. ३० सप्टेंबर १९९३ चा किल्लारीचा भूकंप. त्याच्या नंतर घरदुरुस्ती आणि मजबुतीकरणाच्या कामात गावोगाव बायांना 'संवाद सहायक' म्हणून नेमलं होतं, स्वयं शिक्षण प्रयोग ही संस्था त्याच्या मागं होती. ज्या बाया कधी ग्रामपंचायतीत बोलल्या नव्हत्या त्या इंजिनियरला विचारायला लागल्या की भिंतीला कोपऱ्यात जोड कसा द्यायचा, हप्ता कधी मिळणार, सिमेंट किती लागणार. लातूर-धाराशिव भागात नंतर बचत गटांचं जे जाळं उभं राहिलं त्याची मुळं बऱ्यापैकी तिथं आहेत. तुमच्या गल्लीत त्या गटातली एखादी बाई असेल तर तिला पहिल्या दिवसापासून सोबत घ्या.

पहिली मीटिंग

पाऊण तास, जास्त नाही. कोणाच्या तरी दारात किंवा रस्त्यावरच सतरंजी टाकून. मंदिर, मशीद, विहार यातलं कुठलंच ठिकाण पहिल्या मीटिंगला नको, कारण मिश्र वस्ती असेल तर कोणीतरी यायला कचरतं, आणि जो कचरतो तो सांगत नाही, नुसता येत नाही. वहीतलं सगळं वाचून दाखवा, नावं न घेता. मग एका ड्रॉइंग शीटवर दोन रकाने करा: 'आपलं' आणि 'त्यांचं'.

'त्यांचं' मधे काय टाकायचं याला कायद्याचा आधार आहे. महापालिकांच्या १९४९ च्या अधिनियमात कलम ६३ मधे बंधनकारक कामं दिली आहेत, म्हणजे रस्ते, दिवाबत्ती, नाल्या, कचरा उचलणं, पाणीपुरवठा वगैरे. कलम ६६ मधे ऐच्छिक कामं आहेत, त्यात बगीचे, मैदानं असली कामं येतात. संभाजीनगर, नांदेड, लातूर, परभणी आणि आता जालना या पाच महापालिकांना हे लागू. बीड, धाराशिव, हिंगोली अशा नगरपरिषदांना १९६५ चा वेगळा अधिनियम आहे पण तिथंही कामांची वाटणी अशीच आहे. याचा व्यवहारात अर्थ असा की पोलवरचा लाइट मागताना 'कृपया सहकार्य करावे' असं लिहायची गरज नाही, ते त्यांचं काम आहे, असं लिहा. बगीचा मागताना मात्र जरा गोडीनं घ्यावं लागतं, आणि आम्ही सांभाळू असं लिहून दिलं तर लवकर होतं.

'आपलं' मधे काय? ओला-सुका कचरा वेगळा करून घंटागाडीतच टाकणं. नालीत राडारोडा न टाकणं. रॅम्प रस्त्यावर न काढणं (हे सगळ्यात अवघड, पुढं बोलू). झाडाला पाणी. बंद पडलेला हापसा किंवा बोअर कळवणं. म्हातारं एकटं राहणारं कोणी असेल तर त्याची विचारपूस. कोण काय करणार ते तिथंच नाव टाकून घ्या, आणि ज्याचं नाव टाकलं त्याला 'हो' म्हणायला लावा, गैरहजर माणसाचं नाव टाकू नका.

पहिलं काम कोणतं घ्यायचं

महिनाभरात दिसेल असं, पैसे फार न लागणारं, आणि ज्याला कोणाची परवानगी लागत नाही असं. माझ्या अनुभवात सगळ्यात चांगलं पहिलं काम म्हणजे कचऱ्याचा कोपरा उठवणं. प्रत्येक गल्लीत असा एक कोपरा असतोच, बहुतेक वेळा कोणाच्या तरी मोकळ्या प्लॉटच्या तोंडाला. एक दिवस साफ करून उपयोग नाही, दुसऱ्या दिवशी पुन्हा पिशव्या पडतेत. तिथं पिशवी का पडते ते आधी शोधा. बहुतेक वेळा कारण असतं घंटागाडीची वेळ. गाडी सकाळी अशा वेळेला येते जेव्हा नवरा-बायको दोघंही कामावर गेलेले, मग ते संध्याकाळी जाताजाता पिशवी कोपऱ्यात टाकतेत. त्यांना शिव्या देऊन काही होत नाही. मुकादमाला आणि गाडीच्या ड्रायव्हरला भेटा, चहा पाजा, वेळ बदलता येते का विचारा, नसेल येत तर शेजारच्या घरात डबा ठेवायची सोय करा. मग साफ करा, आणि त्याच दिवशी तिथं काहीतरी ठेवा: दोन कुंड्या, एक बाकडं, भिंत असेल तर पोरांकडून चित्रं. बसायची जागा झाली की तिथं कचरा टाकायला माणसाचा हात धजत नाही.

सफाई कामगारांशी ओळख ठेवा, नावानं हाक मारा, पाणी विचारा. ते गल्लीचे रोजचे साथीदार आहेत. नालीत हातानं घाण उपसायला कोणालाही लावू नका. आणि सेप्टिक टँकमधे सुरक्षेच्या साधनांशिवाय माणूस उतरवायला तर २०१३ च्या कायद्यानं बंदी आहे आणि त्यात दरवर्षी देशात माणसं गुदमरून मरतेत, कोणी 'पाचशे रुपये देतो, उतर' म्हणत असेल तर तिथंच थांबवा, गाडी बोलवा.

मोकळ्या प्लॉटचं वेगळं. मालक पुण्यात, मुंबईत, कोणाचा तर पत्ताच नाही, प्लॉटमधे वेड्या बाभळी आणि साप. मालकाला फोन करून 'तुमचा प्लॉट आम्ही साफ करतो, कुंपण तुम्ही घाला' म्हणलं तर बरेच जण तयार होतेत, कारण अतिक्रमणाची भीती त्यांनाही असते. पण लेखी घ्या, निदान व्हॉट्सअॅपवर तरी. न विचारता जेसीबी घातला तर भांडण पोलिस स्टेशनपर्यंत जातं.

बगीचा, ओपन जिम, कमान, सीसीटीव्ही ही सगळी कामं दुसऱ्या वर्षाला ठेवा. जमलेला विश्वास आधी, खर्चिक वस्तू मग.

पैशाचं

इथं फार स्पष्ट सांगतो. कोणाच्याही एकट्याच्या फोनपेवर वर्गणी घेऊ नका, तो माणूस कितीही सज्जन असला तरी. दोघा-तिघांच्या नावानं जॉइंट खातं काढा, सहीला दोघं लागतील असं, आणि त्यात एक बाई पाहिजे. पावती बुक छापा. वर्गणी लहान ठेवा आणि दर महिन्याला घ्या, पन्नास-शंभर, म्हणजे किराणा दुकानवाला आणि इंजिनियर दोघांनाही जमते. ज्याला पैसे जमत नाहीत त्यानं एक सकाळ काम करायचं, आणि हिशोबात त्याची ती सकाळ वर्गणी म्हणूनच लिहायची, म्हणजे मीटिंगमधे त्याची मान वर राहते.

हिशोब महिन्याच्या पहिल्या आठवड्यात कागदावर लिहून किराणा दुकानाच्या बाहेर चिकटवायचा. ग्रुपवर टाकला तरी चालतो पण भिंतीवर पाहिजेच, कारण ग्रुपमधे सगळे नसतेत आणि भिंतीवरचं लोक उभं राहून चर्चा करत वाचतेत. खडू आणला तरी लिहा. गणपतीच्या, जयंतीच्या वर्गणीत हा पैसा मिसळू नका, तो हिशोब वेगळा, त्याची माणसं वेगळी.

मोठा पैसा लोकांकडून उभा राहूच शकत नाही असं समजू नका. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं हे सगळ्या देशाला माहीत आहे, पण त्याच वेळेस लातूरच्या लोकांनी, व्यापारी, डॉक्टर, शिक्षक, साधी माणसं, वर्गणी काढून मांजरा नदीचं पात्र खोल आणि रुंद करायला घेतलं होतं, ते कमी लोकांना माहीत आहे. परभणी जिल्ह्यात सेलू तालुक्यात वालूरची चक्राकार बारव गाळानं भरलेली होती, ती गावातल्याच लोकांनी उपसून मोकळी केली आणि आता लांबून लोक बघायला येतेत. संभाजीनगरला खाम नदीचा नुसता नाला झाला होता, तिथं महापालिका, छावणी परिषद (कॅन्टोन्मेंट बोर्ड) आणि नागरिक असे मिळून काठ साफ करायला लागले आणि लोक आता त्या काठावर फिरायला जातेत.

महापालिकेत जायचं तर कागद घेऊन जा

तोंडी सांगितलेलं तिथं काहीच राहत नाही. साहेब 'बघतो' म्हणतेत, त्यांची बदली होते, नवीन साहेबांना माहीतच नसतं. म्हणून:

अर्ज एका पानाचा, एकाच विषयाचा. रस्ता, लाइट, नाली सगळं एका अर्जात लिहिलं तर तो कोणत्याच टेबलाचा होत नाही, कारण लाइट विद्युत विभाग बघतो, नाली बांधकाम किंवा ड्रेनेज, कचरा स्वच्छता निरीक्षक. खाली घरटी एक सही, त्यात बायांच्या सह्या निम्म्या तरी. सोबत फोटो, पोलवर नंबर असेल तर तो नंबर. दोन प्रती न्या, आवक विभागात एक द्या आणि दुसरीवर शिक्का, तारीख, आवक नंबर घ्या. ही पोच म्हणजे तुमचं सगळ्यात मोठं हत्यार, ती प्लॅस्टिकच्या फाइलीत घाला.

पंधरा दिवसानं कनिष्ठ अभियंत्याला, म्हणजे जेईला, प्रत्यक्ष भेटा. भांडायला जाऊ नका, 'साहेब, एकदा जागेवर या, आम्ही दाखवतो' म्हणा. जेई चांगला असेल तर तोच सांगतो की एस्टिमेट कशात बसवायचं, कोणत्या हेडखाली पैसे आहेत. दलित वस्ती असेल तर नागरी दलित वस्ती सुधार योजना आहे, खासदारांना वर्षाला ५ कोटींचा स्थानिक विकास निधी असतो, आमदारांचा निधी वेगळा, जिल्हा नियोजन समितीतून पैसा येतो. कोणत्या कामाला कशातून मिळेल हे जेई आणि नगरसेवकाचा पीए या दोघांना सगळ्यात चांगलं माहीत असतं.

नगरसेवकाचं म्हणाल तर महापालिकेत आता एका प्रभागात साधारण चार नगरसेवक असतेत. एकाकडं गेलं तर तो दुसऱ्याचं नाव सांगतो. म्हणून अर्जाची प्रत चौघांनाही द्या, चौघांची पोच घ्या, आणि अर्जावरच 'प्रत माहितीस्तव' म्हणून चौघांची नावं टाका.

बजेटची वेळ पकडा. महापालिकेचं बजेट साधारण फेब्रुवारी-मार्चमधे मांडलं जातं, त्याची जुळवाजुळव हिवाळ्यातच सुरू होते. तुमचं काम दिवाळीच्या सुमारास कागदावर गेलेलं पाहिजे. पुण्यात २००६ पासून नागरिकांकडून बजेटसाठी कामं सुचवून घ्यायची पद्धत आहे. तुमच्या शहरात तसा फॉर्म नसला तरी आयुक्तांच्या नावानं 'पुढील वर्षीच्या अर्थसंकल्पात खालील काम समाविष्ट करावे' असा अर्ज द्यायला कोणी अडवत नाही.

काहीच हललं नाही तर लोकशाही दिन, म्हणजे अधिकाऱ्यांसमोर थेट तक्रार मांडायचा दिवस. महिन्याच्या पहिल्या सोमवारी असतो, अर्ज आधी द्यावा लागतो, म्हणून दोन-तीन आठवडे आधीच चौकशी करा. आपले सरकार पोर्टलवर तक्रार टाकता येते. आणि माहितीचा अधिकार, २००५ चा कायदा. दहा रुपयाचा कोर्ट फी स्टॅम्प, महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांच्या आत, ३० दिवसात उत्तर. नाही आलं किंवा अर्धवट आलं तर त्याच कार्यालयात वीस रुपयाचा स्टॅम्प लावून पहिलं अपील. 'रस्ता का केला नाही' असा प्रश्न विचारू नका, त्याला उत्तर येत नाही, कारण 'का' म्हणजे माहिती धरत नाहीत. कागद मागा: आमच्या अमुक तारखेच्या, अमुक आवक नंबरच्या अर्जावर काय कार्यवाही झाली त्याची टिपणी. झालेल्या कामाचं एस्टिमेट, वर्क ऑर्डर आणि मोजमाप पुस्तिका यांच्या प्रती. दोषदायित्व कालावधी किती. हा शेवटचा मुद्दा महत्त्वाचा, कारण त्या मुदतीत रस्ता उखडला तर ठेकेदारानं स्वतःच्या पैशानं दुरुस्त करून द्यायचा असतो, आणि लोकांना तारीखच माहीत नसल्यामुळं ती मुदत गपचूप निघून जाते.

काम सुरू झालं की एस्टिमेट घेऊन उभं राहा. वहीतला गवंडी इथं कामाला येतो. नालीचा उतार कुठं चाललाय, खालची खडी-मुरूम दाबली का, सिमेंटला पाणी मारलं का, हे त्याला नुसतं बघून कळतं. ठेकेदाराशी वाद घालायचा नाही, फोटो काढायचे आणि जेईला पाठवायचे.

गुंठेवारीत राहत असाल तर

संभाजीनगर, नांदेड, लातूर, परभणी, सगळीकडं बरीच गरीब आणि मध्यमवर्गीय माणसं गुंठेवारीत, म्हणजे मंजुरी न घेता शेतजमिनीचे गुंठ्यागुंठ्यानं पाडलेल्या प्लॉटवर, राहतेत. तिथं पहिलं उत्तर ठरलेलं असतं: 'तुमची वसाहत अनधिकृत आहे.' घाबरू नका. २००१ चा गुंठेवारी नियमितीकरणाचा कायदा आहे आणि २०२१ मधे त्यात दुरुस्ती करून ३१ डिसेंबर २०२० पर्यंतची बांधकामं त्यात घेतली गेली. एकेकट्यानं फाइल करण्यापेक्षा गल्लीनं मिळून करा, एकाच आर्किटेक्टकडून नकाशे करून घेतले तर खर्च कमी येतो, आणि कागद कोणते लागतेत ते एकदाच शोधावं लागतं. ज्यांनी फी भरली आहे त्यांनी ती कुठं जमा झाली आणि त्यातून आपल्या भागात काय काम झालं, हे माहितीच्या अधिकारात विचारावं. मी तर म्हणेन हा प्रश्न प्रत्येक गुंठेवारी वसाहतीनं विचारलाच पाहिजे.

मंजूर लेआउट असेल तर नगररचना विभागातून लेआउटच्या नकाशाची प्रत काढा. त्यात साधारण दहा टक्के जागा ओपन स्पेस म्हणून सोडलेली असते. ती नेमकी कुठं आहे हे निम्म्या कॉलनीला माहीत नसतं, आणि माहीत होईपर्यंत तिथं कोणाचं तरी शेड उभं राहिलेलं असतं. शिक्षक कॉलनी, एसटी कॉलनी अशा जुन्या सोसायट्यांमधे ती जागा अजून सोसायटीच्या नावावर आहे का महापालिकेकडं गेली, हेही बघा. नाव कोणाचं ते ठरल्याशिवाय तिथं एक वीटही लावू नका.

पाणी आणि झाडं

आपल्याकडं वर्षाला सरासरी सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तोही मोजक्या दिवसात. हजार स्क्वेअर फुटाच्या गच्चीवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे ९३ लिटर पाणी. थोडं वाया जाणार धरलं तरी वर्षाला पन्नास हजार लिटर होतं, म्हणजे पाच हजाराचे दहा टँकर, एका गच्चीवरून. वीस घरांनी गच्चीचा पाइप बोअरजवळच्या शोषखड्ड्यात सोडला, मधे दगड-खडी-वाळूचा फिल्टर केला, तर काय होईल ते बघा. पहिल्या पावसाचं पाणी बाहेर सोडायचं, गच्ची मे महिन्यात झाडून घ्यायची, आणि फिल्टरची वाळू दरवर्षी काढून धुवायची. आपल्याखाली काळा पाषाण आहे, प्रत्येक बोअरला सारखाच फरक पडत नाही, म्हणून आधी दोन-तीन घरी करून बघा आणि मग गल्लीभर करा.

झाडं कमी लावा आणि सगळी जगवा. कडुलिंब, करंज, बहावा, मोकळ्या जागेत वड-पिंपळ, आपल्या मातीत आणि उन्हात टिकणारी. वायरच्या खाली मोठी होणारी झाडं नको, महावितरणवाले दरवर्षी छाटतेत आणि झाड लंगडं होतं. जूनच्या चांगल्या पावसानंतर लावायची आणि प्रत्येक झाड एका घराच्या नावावर. खरी परीक्षा पुढच्या मार्च ते जून असते, त्या चार महिन्याची पाण्याची पाळी लावतानाच ठरवा. भाजी धुतलेलं, आरओचं वाया जाणारं पाणी बादलीत धरलं तरी एक झाड जगतं.

भांडणं होणार

रॅम्पवरून होणार, गाडी लावण्यावरून होणार, 'अध्यक्ष कोण' यावरून तर होणारच. रॅम्पचं असं करा, ज्यांनी काम हातात घेतलंय त्यांनी आधी आपला रॅम्प मागं घ्यायचा, मग दुसऱ्याला सांगायचं. दुसरा उपाय मला तरी दिसला नाही.

निवडणुकीच्या काळात गटाचं नाव कोणाच्याच बॅनरवर जाऊ द्यायचं नाही. सभासद आपापल्या पक्षाचं काम करू देत, गल्लीची वही मात्र कोणाची नाही. उद्घाटनाला सगळ्या पक्षांना बोलवा, नारळ मात्र सफाई कामगाराच्या किंवा गल्लीतल्या सगळ्यात वयस्कर आजीच्या हातानं फोडा. जातीवरून, धर्मावरून कोणाची गल्ली बाजूला पडत असेल, टँकर आधी इकडं मग तिकडं असं होत असेल, तर ते मीटिंगमधे तोंडावर बोला. बौद्ध वस्ती, मोहल्ला आणि कॉलनी यांच्यामधून एकच नाली वाहत असते, वरच्यांनी साफ केली आणि खाली तुंबली तर पावसाळ्यात पाणी वरच्यांच्याच घरात मागं येतं. म्हणून नालीच्या कामाला खालच्या वस्तीतली माणसं पहिल्या दिवसापासून पाहिजेत.

नोंदणी आणि दुसरं वर्ष

संस्था नोंदवायची घाई नको. एक वर्ष काम टिकलं, हिशोब भिंतीवर लागत राहिला, तर मग बघा. निदान सात माणसं लागतेत, १८६० चा संस्था नोंदणी कायदा आणि १९५० चा सार्वजनिक विश्वस्त कायदा, दोन्हीचं काम धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात होतं. नोंदणी झाली की दरवर्षी ऑडिट आणि पदाधिकारी बदलले की बदल अर्ज, हे करावंच लागतं. हे नियमानं करणारं कोणी गल्लीत असेल तरच नोंदणी करा. नाहीतर साधा नोंदणी नसलेला गट राहिलात तरी अर्ज, पाठपुरावा, श्रमदान यातलं काहीच अडत नाही.

दुसऱ्या वर्षी पदं बदला, विशेषतः खजिनदार. वही, पावती बुक, पोचांची फाइल, लेआउटचा नकाशा, चालू कामांच्या दोषदायित्वाच्या तारखा, हे सगळं नव्या माणसाच्या हातात चार लोकांसमोर द्या, आणि पूर्ण फाइलीचा एक झेरॉक्स सेट दुसऱ्या कोणाच्या तरी घरी ठेवा.